जळलं तर ओरडायचं

कारंज्यात सदाफुली कुणी मुद्दाम लावत नाही, ती आपोआप येते. जुन्या माड्यांच्या ओट्याखाली, नालीच्या कडेला, देवळामागच्या दगडी भिंतीच्या फटीत. मे महिन्यात विहिरी तळाला जातात तेव्हाही तिची जांभळट-गुलाबी फुलं टवटवीत असतात. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. माझी आजी तीच फुलं देवाला वाहायची आणि शेजारच्या एक आजी साखरेच्या आजारावर म्हणून रोज सकाळी दोन पानं चावून थुंकायच्या.

या झाडाच्या पानांतून निघालेल्या औषधाने माझा धाकटा भाऊ वाचला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. ते खोटं नाही. पण त्या औषधात मारण्याची ताकदही तेवढीच होती. ते नेमकं किती जावं, कुठून जावं, आणि जाताना कुणी लक्ष ठेवावं, हे ज्यांनी सांभाळलं त्यांचं नाव या गोष्टीत येतच नाही. मला त्या माणसांबद्दल लिहायचं आहे. त्यातल्या एका सिस्टरबद्दल तर लिहायचंच आहे. तिचं पूर्ण नाव मला तेव्हाही कधी कळलं नाही.

गोष्ट १९९६ची. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा व्हायला अजून दोन वर्षं होती. भाऊ आठ वर्षांचा, तिसरीत. मी कारंज्यातच बी.एस्सी. करत होते. दिवाळीनंतर त्याला ताप यायला लागला. उतरायचा, पुन्हा यायचा. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. मग पायांवर बारीक लाल ठिपके उठले. घरात सगळे म्हणाले, डास चावले असतील. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी त्याला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि एका ठिपक्यावर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तरी ठिपका तसाच लाल. डास चावल्याची लाली दाबली की क्षणभर फिकी पडते, ही पडत नव्हती. कारण रक्त कातडीखाली सांडलेलं होतं. त्यांनी त्याचं पोट चाचपलं, प्लीहा हाताला लागली, आणि औषध न देता चिठ्ठी लिहिली. बाबांनी पैसे पुढे केले तेव्हा म्हणाले, “हे राहू द्या. आजच अकोल्याले जा.” औषध न देणारा डॉक्टर आमच्या गावात कुणाला फारसा आवडत नाही. त्यांनी तेव्हा चार दिवसांच्या गोळ्या दिल्या असत्या तर आम्ही समाधानाने घरी परतलो असतो.

अकोल्याला रक्ताची काच पाहिली, आणि तिथून एकच वाक्य ऐकू आलं: टाटाला न्या.

मूर्तिजापूरपर्यंत एस.टी., तिथून मुंबईची गाडी. परळचं टाटा मेमोरियल १९४१पासून आहे आणि विदर्भातल्या खेड्यापाड्यांतली माणसं तेव्हापासून तिथे जात आलीत. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. आमच्यासारख्या, मुंबईत कुणीच नसलेल्या माणसांना ती नसती तर उपचार सोडून परत यावं लागलं असतं. गाडगेबाबा शेंडगावचे, आमच्या वऱ्हाडचेच. धर्मशाळेच्या जिन्यात त्यांचा फोटो दिसला की आईला माहेरच्या माणसाच्या घरी आल्यासारखं वाटायचं. तिथे आम्हांला जागा मिळाली, स्वस्तात जेवण मिळालं, आणि ज्यांची मुलं आमच्याआधी आजारी पडली होती अशा आया भेटल्या. त्यांच्याकडून आई जेवढं शिकली तेवढं दुसरीकडे शिकली नसती.

निदान झालं: अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्यावर उपचाराची जी पद्धत तिथे चालत होती तिचं नाव एम.सी.पी. ८४१. चौऱ्याऐंशी साली ठरलेली. मुंबईचं टाटा, चेन्नईची अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या डॉ. इयान मॅग्राथ यांच्याबरोबर ती बसवली. आपल्या रुग्णालयांत काय मिळू शकतं, आपल्या घरांना काय झेपू शकतं, याचा विचार करून. त्याआधी आपल्याकडे पाचांतलं एखादं मूल दीर्घकाळ बरं राहायचं. या पद्धतीनंतर ते प्रमाण निम्म्याच्या घरात गेलं. या कामात पुढे असलेले डॉ. सुरेश अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झालेला. व्हीलचेअरवरून त्यांनी सारं आयुष्य हे काम केलं. आम्हांला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्हांला फक्त एक छापील कागद मिळाला, त्यावर आठवड्यांचे रकाने आणि रकान्यांत औषधांची नावं. सुरुवातीच्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक आठवड्याच्या रकान्यात एक नाव होतंच: व्हिनक्रिस्टिन.

मी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून नाव वाचल्यावर मला सदाफुली आठवली. तिचं जुनं शास्त्रीय नाव व्हिंका. या औषधाची जन्मकथा मी पुढे वाचली. जमैकात मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा काढा घेत, तिथून पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. उंदरांना अर्क दिला तर साखर काही उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं. मग अमेरिकेतल्या एली लिली कंपनीत त्याचं भावंड सापडलं, व्हिनक्रिस्टिन, आणि १९६३ साली ते वापरात आलं. ढीगभर वाळलेल्या पानांतून चिमूटभरही मिळत नाही असं हे द्रव्य. पण लागतंही तेवढंच कमी. भावाचं माप होतं सव्वा मिलिग्रॅमच्या आतबाहेर. हे माप मुलाच्या उंची-वजनावरून, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने काढतात, आणि माणूस कितीही मोठा असला तरी एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. कावीळ असेल, यकृत नीट चालत नसेल, तर आणखी कमी करतात, कारण हे औषध शरीराबाहेर काढण्याचं काम मुख्यतः यकृताचं.

इंजेक्शनच्या खोलीत ज्या सिस्टर होत्या त्या केरळच्या. मराठी त्यांचं मुंबईत शिकलेलं, लिंग-वचनाची फिकीर न करणारं. चष्मा कपाळावर, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी भाऊ आईच्या पदरात तोंड खुपसून बसला होता. आमच्याकडे अशा वेळी पोराला जे सांगतात तेच बाबा सांगत होते: रडू नको, मर्दाचा पोरगा आहेस, दात-ओठ खाऊन सहन कर. सिस्टरांनी बाबांना हाताने थांबवलं, भावासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “बाळा, ऐक. सुई टोचली तर दुखेल, ते थोडा. पण औषध जाताना जळला तर ओरडायचा. मोठ्यांदा ओरडायचा. लाजायचा नाय. तू ओरडला की मी थांबणार. हा माझा नि तुझा करार.”

आणि हात पुढे केला. भावाने हातात हात दिला.

त्यांनी मग आईला कारण सांगितलं. हे औषध शिरेत असतं तोवर ठीक. शिरेच्या बाहेर, मांसात एक थेंब झिरपला तरी तिथली जागा जळते, फोड येतात, जखम होते, कधी कधी आतपर्यंत सडते. म्हणून सुई लावल्यावर आधी मागे ओढून रक्त येतं का पाहायचं, मग नुसतं सलाईन सोडून शीर फुगते का, सूज येते का पाहायचं, मग औषध, आणि शेवटी पुन्हा सलाईन, म्हणजे शिरेत औषध उरू नये. हे सगळं करूनही सुई सरकू शकते, आणि सुई सरकली हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं? ज्याच्या हातात ती टोचलेली आहे त्याला. जे पोर सहन करायला शिकलं ते गप्प बसून हात गमावेल. म्हणून इथे शूर पोरं नकोत, असं त्या म्हणाल्या. बाबा त्या दिवसानंतर ‘मर्दाचा पोरगा’ म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि तेव्हा मला ती उगाच कटकट वाटली होती. त्या आठवड्यात भावाला दोन औषधं होती: शिरेतून व्हिनक्रिस्टिन आणि पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट. हा आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात दडून बसतो, म्हणून दुसरं औषध थेट तिथे पोचवावं लागतं. पाठीतलं इंजेक्शन होऊन भाऊ उताणा पडून राहायचा. तेवढं सगळं आटपेपर्यंत सिस्टर व्हिनक्रिस्टिनची सिरिंज त्या खोलीत आणूच देत नसत. एका तरुण डॉक्टरांनी दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये मागितल्या, वेळ वाचेल म्हणून. सिस्टर म्हणाल्या, “नाय.” डॉक्टरांनी पुन्हा मागितल्या. सिस्टरांचं पुन्हा “नाय.” हुद्द्याने त्या खाली होत्या, त्या खोलीत मात्र नव्हत्या. डॉक्टरांनी ऐकलं, हेही मला इथे नोंदवलं पाहिजे.

आईचं शिक्षण चौथी. सिस्टरांनी तिच्या दोनशे पानी वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून दिलं: ‘व्हिनक्रिस्टिन. फक्त शिरेतून.’ खाली इंग्रजी अक्षरांत तेच नाव, जसं बाटलीवर असतं तसं. आईने ती इंग्रजी अक्षरं चित्रासारखी पाठ केली. प्रत्येक वेळी इंजेक्शन भरण्याआधी ती छोटी काचेची बाटली आईच्या डोळ्यांसमोर धरायची, आईने वहीतलं चित्र आणि बाटलीवरचं चित्र जुळवायचं, पाणी स्वच्छ, रंग नसलेलं आहे ना पाहायचं, तारीख मी वाचायची, नाव भावाने मोठ्याने सांगायचं. रांगेतली माणसं कुरकुरायची. सिस्टर म्हणायच्या, थांबा, तुमच्या वेळी पण असाच करणार.

औषध काय करतं ते मला एका निवासी डॉक्टरबाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं. पेशी दुभंगते तेव्हा आत अतिशय बारीक नळ्या तयार होतात आणि त्या गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात. व्हिनक्रिस्टिन या नळ्या बनूच देत नाही. पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभंगत असतात, म्हणून त्या जास्त सापडतात. मात्र अशाच नळ्या आपल्या मज्जातंतूंतही असतात. तिथे त्या दुभंगण्यासाठी नसून टोकापर्यंत सामान पोचवण्यासाठी असतात. त्यामुळे लांबचे तंतू आधी थकतात. पायाची बोटं, हाताची बोटं, आतडी.

यावरून मला डॉक्टरांचा एक खेळ उमगला. प्रत्येक भेटीत ते भावाला सांगायचे, “चल, टाचांवर चालून दाखव.” तो बदकासारखा हात पसरून फळीपासून दारापर्यंत टाचांवर जायचा, आणि सगळे हसायचे. ती तपासणी होती. पायाचा पंजा वर उचलणारा तंतू थकला की आधी टाचांवर चालणं जातं. एके महिन्यात त्याचे पंजे आपटायला लागले, चप्पल पायातून निसटायला लागली. तेव्हा डॉक्टरांनी औषधाचं माप कमी केलं आणि व्यायाम दिले. जबडा दुखायचा, भाकरी चावताना डोळ्यांत पाणी यायचं. तेही याच औषधामुळे, काही दिवसांनी जायचं. केस गेले. आणि शौचाला होत नसे. सिस्टर रोज पहिला प्रश्न तोच विचारायच्या, चारचौघांत, न लाजता. आतड्याचे तंतू सुस्तावले की पोट नुसतं फुगत नाही, आतडी पूर्ण थांबूही शकतात. पाणी, डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध, आणि दोन दिवस झालं नाही तर लगेच कळवायचं. घरच्या घरी एनिमा अजिबात नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना तेवढी इजाही जंतूंना वाट देते. बुरशीवरचं औषध कुणी लिहून दिलं तर टाटाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, हेही त्यांनी वहीत लिहायला लावलं. त्या गटातली काही औषधं व्हिनक्रिस्टिन शरीरात साठवून ठेवतात आणि बरोबर दिलेलं मापही जास्तीचं होऊन बसतं.

पहिले महिने संपल्यावर पुढची काही इंजेक्शनं गावाकडे घ्यायला परवानगी मिळाली. अमरावतीच्या एका बालरोगतज्ज्ञांनी टाटाचं पत्र दोनदा वाचलं, परळला फोन लावला आणि मग हो म्हटलं. औषध मुंबईहून न्यायचं ठरलं. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, गोठवायचंही नसतं. मोठ्या तोंडाचा थर्मास, तळाला बर्फ, वर कापूस, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, पुन्हा कापूस. बर्फ बाटलीला लागता कामा नये. भुसावळला गाडी थांबली की बाबा पळत जाऊन बर्फ बदलून आणायचे. गाडी सुटायच्या आत ते परत चढेपर्यंत आईचा जीव भांड्यात पडत नसे.

कारंज्यात फ्रिज होता आमच्या ओळखीच्या मेडिकलवाल्या काकांकडे. त्यांनी एक कप्पा रिकामा केला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘लेकराचं औषध. हात लावू नये.’ मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सरांच्या परवानगीने एक थर्मामीटर आणला, काकांनी तो दोऱ्याने आत टांगला. वीज गेली की ते दुकान नोकरावर सोडून बर्फाच्या कारखान्यात जायचे. त्यांनी त्या बर्फाचे पैसे कधी घेतले नाहीत. बाबांनी एकदा फार आग्रह केला तेव्हा काका चिडून म्हणाले, “मी काय बर्फ विकून रायलो काय?” बाबांच्या जिनिंगमधल्या मजुरांनी, जैन मंदिराजवळच्या दुकानदारांनी, कुठल्या कुठल्या शिक्षकांनी वर्गणी काढली. व्हिनक्रिस्टिन त्यातलं स्वस्त औषध होतं. इतर महागडी होती. कुणी किती दिले त्याची यादी बाबांनी केली होती. ती आमच्याकडे आहे.

इंजेक्शननंतरचे दोन दिवस घरात वेगळा नियम होता. भावाची शी, उलटी, घामाचे कपडे हातमोजे घालून उचलायचे, संडासात दोनदा बादलीभर पाणी ओतायचं, कपडे वेगळे धुवायचे. माझ्या चुलत वहिनी तेव्हा गरोदर होत्या. त्यांना सक्त मनाई. यावरून घरात थोडं बिनसलं. ‘एवढं काय विष आहे का?’ असं कुणी म्हणालं. आई म्हणाली, “हो, इषच हाय. म्हणून त सांभाळून देतात.” आईच्या तोंडून इतकं स्वच्छ उत्तर आलेलं पाहून मी चकित झाले.

एकदा अमरावतीचे डॉक्टर बाहेरगावी होते. इंजेक्शनचा दिवस टाळायचा नव्हता, म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या माणसाने घाईत सुई लावली. आईने बाटली पुढे करून म्हटलं, “त्याच्यावर काय लिवलं हाय ते मले वाचून दाखवा नं भाऊ.” त्याने हसून बाटली घेतली, वाचलं नाही. रक्त मागे येतं का पाहिलं नाही. औषध सुरू केलं आणि भाऊ किंचाळला: “ताई, जळून रायलं!”

“थोडं सहन कर रे,” तो माणूस म्हणाला.

आईने त्याचं मनगट धरलं. आमची आई, जी परक्या पुरुषाशी पदर सावरल्याशिवाय बोलत नव्हती, तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, “थांबा. सुई काढू नका. थांबा.” सुई तशीच ठेवून आधी आतलं औषध मागे ओढून घ्यायचं, हे सिस्टरांनी वहीत लिहून दिलं होतं. मी वही उघडून वाचत गेले, तो माणूस निमूटपणे करत गेला. मग सुई काढली आणि त्या जागी कोमट शेक दिला. केमोच्या काही औषधांना, एका लाल रंगाच्या औषधाला उदाहरणार्थ, थंड शेक लागतो; व्हिनक्रिस्टिनला मात्र गरम. उलट केलं तर नुकसान वाढतं. तेही वहीत होतं. संध्याकाळी परळला फोन केला, त्यांनी पुढचं सांगितलं. मनगटाच्या वर रुपयाएवढा डाग राहिला. तेवढ्यावर निभावलं.

मला वाटतं, सिस्टरांनी आम्हांला जे दिलं ते नेमकं हेच. त्या खोलीत सगळ्यांत लहान असलेल्या पोराला ओरडण्याचा आणि सगळ्यांत कमी शिकलेल्या बाईला हात धरण्याचा हक्क. औषधाबद्दलची माहिती पुस्तकात मिळते. पांढऱ्या कोटातल्या माणसाला ‘थांबा’ म्हणण्याची ताकद आम्हांला दुसऱ्या कुणी दिली नसती.

सदाफुलीचंही सांगते. गावात बातमी पसरली की पोराचं औषध सदाफुलीपासून होतं. एक नातेवाईक पिशवीभर पानं घेऊन आले. काढा करून पाजा, मुंबईचा खर्च कशाला. आजीचं मन डळमळलं. पुढच्या खेपेला मी सिस्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, तसा त्या क्वचितच ओढत. म्हणाल्या, पानात सत्तर औषधं आहेत, कुठला किती जाईल कोण मोजणार? माझ्याकडे मोजून आहे, शिरेतून आहे, तरी मी घाबरते. तू न मोजता पोटातून देणार? आजीला हे मी शब्दशः सांगितलं. ती पिशवी उकिरड्यावर गेली. तीच पानं रोज चावणाऱ्या शेजारच्या आजींनीही त्यानंतर ती सोडली, आणि साखरेची गोळी नियमित घ्यायला लागल्या.

उपचार संपले. भाऊ शाळेत परत गेला, एक वर्ष मागे पडून. मी शिक्षिका झाले. सिस्टर त्या दिवशी दोन सिरिंज एकत्र का येऊ देत नव्हत्या, ते मला फार उशिरा, वाचनातून समजलं. २००१च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या मोठ्या रुग्णालयात अठरा वर्षांच्या एका मुलाला, ज्याचा ल्युकेमिया आटोक्यात आला होता, व्हिनक्रिस्टिन शिरेऐवजी पाठीच्या कण्यातून दिलं गेलं. चूक काही मिनिटांत कळली. तो महिनाभराने गेला. शिरेतून हे औषध वाचवतं. मेंदूभोवतीच्या पाण्यात गेलं तर मज्जातंतू एकेक करून निकामी करत वर चढतं, आणि त्याला जवळजवळ उतारा नाही. चौकशीत एकट्या माणसाचा हलगर्जीपणा निघाला नाही, एकावर एक रचलेल्या लहान चुका निघाल्या. दोन्ही औषधं एकाच वेळी वॉर्डात पोचली होती. ते वाचताना मी वर्गातल्या खुर्चीवर बसून होते आणि माझे हात थरथरत होते. ‘नाय.’ पुन्हा ‘नाय.’

अशा घटना जगभर अनेक ठिकाणी झाल्या. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना सूचना धाडली: व्हिनक्रिस्टिन सिरिंजमधून देऊ नका, सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळून द्या. यातली युक्ती साधी आहे. पाठीत कुणी पन्नास मिलिलिटरची पिशवी टांगत नाही. आकारच चुकू देत नाही. सिरिंज मात्र सिरिंजसारखीच दिसते, त्यावर कितीही मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्या वेळी पिशवी नव्हती. तिच्या जागी एक बाई उभी होती.

टाटाला ज्यांचे उपचार लहानपणी पूर्ण झाले त्यांच्यासाठी १९९१पासून वेगळं क्लिनिक आहे, ‘अ‍ॅक्ट’ नावाचं. भाऊ तिथे जातो. हृदयाचा एको, मज्जातंतूंची तपासणी. त्याला अजूनही टाचांवर चालायला लावतात, डाव्या पायाने जरा कमी जमतं. तो आता मोठा झाला, त्याला मुलगी आहे. एका वेळी मी त्याच्याबरोबर गेले आणि इंजेक्शनच्या खोलीत सिस्टरांची चौकशी केली. कधीच निवृत्त झाल्या, गावी गेल्या, म्हणाले. पत्ता कुणाकडे नव्हता. आत एक तरुण सिस्टर छोटी पिशवी टांगत होती आणि दुसरी तिच्या शेजारी उभी राहून पिशवीवरचं नाव, मुलाचं नाव, माप मोठ्याने वाचत होती. मी दारात उभी राहिले तर मलाच विचारलं, मॅडम, कुणाच्या तुम्ही? मी सांगितलं, जुन्या पेशंटची बहीण. त्या हसल्या आणि कामाला लागल्या.

कारंजा, मानोरा, मंगरूळपीर इकडच्या कुणाच्या घरी असा आजार निघाला की मला फोन येतो. नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. सरकारच्या जन आरोग्य योजनेतून पुष्कळसा खर्च निघतो. मी वैद्यकीय सल्ला देत नाही, तो माझा अधिकार नाही. मी फक्त वही विकत घ्यायला सांगते आणि पहिल्या पानावर काय लिहायचं ते सांगते.

गेल्या पावसाळ्यात मानोऱ्याकडून एक बाई बोलत होत्या. मुलगी सहा वर्षांची. कागद त्यांच्यापुढे होता, नाव वाचून दाखवता येत नव्हतं, मी एकेक अक्षर विचारत गेले आणि तेच नाव निघालं. मी सांगितलं, बाटली किंवा पिशवी दाखवायला सांगा, नाव मोठ्याने वाचून घ्या, शिरेतून आहे ना विचारा, शौचाचं रोज पाहा, पायाला मुंग्या आल्या तर सांगा, मुलीला काय वाटतं ते तिलाच विचारा. त्या लिहून घेत होत्या, मध्येच थांबल्या.

“पण ताई, असं विचारलं त डॉक्टरले राग नाही येणार?”

“येऊ द्या,” मी म्हटलं. “चांगला असला तर नाही येणार. आणि आला तरी विचारा.”

थोडा वेळ नुसता पेनाचा आवाज आला. मग त्यांनी समृद्धी महामार्गावरून नागपूरला किती वेळ लागतो ते विचारलं, आणि सकाळी लवकर निघायचं की रात्रीच जाऊन राहायचं, यावर आम्ही बोललो.